मुळांना चिकटलेली माती

गेल्या वर्षी जुलैत सिल्वासाहून परत येताना मी वापी स्टेशनावर एक प्लास्टिकचा डबा घेऊन उभी होते. डब्यात भाताचं रोप होतं, चिखलासकट. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय आहे गं?" म्हटलं, "प्रॅक्टिकलसाठी रोप." "शेतकी कॉलेजात आहेस का?" "नाही, मायक्रोबायोलॉजी." त्यांना ते पटलं नसावं, कारण डबा त्यांनी हळूच पायाने लांब सरकवला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मॅडमनी जे शिकवलं ते मी विसरणार नाही. रोपाचं मूळ हलक्या हाताने झटकायचं. जी माती खाली पडली ती सोडून द्यायची. झटकूनही मुळांना जी चिकटून राहिली, तीच आपल्या कामाची. तिला राइझोस्फिअर म्हणतात. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली हा शब्द वापरात आणला. मुळांतून साखरेसारखी द्रव्यं बाहेर पाझरतात, त्यावर जिवाणू आणि बुरशी गोळा होतात आणि बदल्यात झाडाला नत्र, स्फुरद मिळवून देतात. (फुकट खाणारेही त्यात असतातच, आपल्या कॅन्टीनसारखे.) थोडक्यात, झाड एकटं उभं नसतं.

मी आणलेलं रोप धुतलं तर मुळं पांढरी निघाली नाहीत, तांबूस निघाली. मला वाटलं, रोप खराब झालं. तसं नव्हतं. भाताच्या चिखलात प्राणवायू नसतो. म्हणून भाताचं रोप पानांकडून हवा आपल्या पोकळ उतींतून खाली मुळांपर्यंत पोचवतं. त्यातली थोडी मुळांबाहेर झिरपते, चिखलातलं विरघळलेलं लोह तिथे गंजतं आणि मुळांवर गंजाचा पातळ थर चढतो. त्या गंजाच्या आत-बाहेर दोन वेगळी जगं आहेत. बाहेर प्राणवायूशिवाय जगणारे आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव, आत मुळाजवळ तोच मिथेन खाणारे. हे सगळं काही मिलिमीटरच्या अंतरात. त्या दिवशी मी ठरवलं की पुढे यातच काम करायचं.

ठरवणं सोपं असतं, घरी सांगणं कठीण. आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. करसवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत कारखाने आले आणि त्या लाटेत माझे पप्पाही सिल्वासाला आले, धाग्याच्या एका युनिटमध्ये. गावाकडची कोरडवाहू जमीन काकांकडे राहिली. मी फोनवर सांगितलं की नोकरी नको, पीएच.डी. करायचीय, मातीतल्या सूक्ष्मजीवांवर. पप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मातीतून सुटायला मला पंचवीस वर्षं लागली. आणि तू फी भरून परत मातीतच चाललीस?"

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. वापी, दमण, सिल्वासा या पट्ट्यात औषधांच्या कंपन्या आहेत, मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना तिथे क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी मिळते, शिफ्ट ठरलेली, पगार ठरलेला. मग माती कशाला? हा लेख म्हणजे मी स्वतःसाठी शोधलेलं उत्तर आहे. तुमच्यापैकी जे कुठल्याही विषयात संशोधन करायचं म्हणताहेत, त्यांनाही ते कामाला येईल असं वाटतं.

उत्तर मला लायब्ररीत सापडलं, पण त्याची सुरुवात खानवेलच्या बाजूला झाली.

पप्पांच्या खात्यात तिकडचे एक वारली काका आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात ते दोन-चार दिवस रजा टाकतात. कारण विचारलं तर एकच शब्द: राब. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं आधी एका छोट्या तुकड्यात वाढवतात आणि पाऊस चांगला लागला की उपटून मोठ्या शेतात लावतात. या लावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात. रोपांच्या त्या छोट्या तुकड्यावर पेरणीआधी शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या, गवत असे थर देतात, वर बारीक माती पसरतात आणि पेटवून देतात. आग वाऱ्याच्या उलट लावतात, म्हणजे ती धावत नाही, धुमसत राहते. हाच राब भाजणं. ठाणे, पालघर, रायगडपासून दादरा-नगर हवेलीपर्यंत हे चालत आलेलं आहे.

मी काकांच्या आईला विचारलं, "आजी, नाही भाजलं तर?" आजींनी मला तीन गोष्टी सांगितल्या. रोपं पिवळी पडतात. तण रोपाच्या आधी वर येतं. आणि आवणीच्या वेळी रोप उपटताना मुळं तुटतात, माती सोडत नाही.

मी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, त्यामुळे हे ऐकल्यावर डोक्यात लगेच रकाने पडले. तण वर येत नाही, कारण उष्णतेने तणाचं बी मरतं. मुळं तुटत नाहीत, कारण भाजलेली माती भुसभुशीत होते. आणि रोपं पिवळी पडत नाहीत, यात सूक्ष्मजीवांचा हात आहे. माती तापली की वरच्या थरातले पुष्कळ सूक्ष्मजीव मरतात. त्यांच्या शरीरातलं नत्र मोकळं होतं. जे वाचतात ते या मेजवानीवर भराभर वाढतात आणि मातीत अमोनियम साठतं. अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू उष्णतेला नाजूक असतात आणि सावकाश परत येतात, म्हणून ते अमोनियम काही काळ टिकतं. भाताला अमोनियम चालतं, आवडतंच. राखेतून पालाश आणि स्फुरद मिळतं ते वेगळंच. आजींनी यातला एकही शब्द वापरला नव्हता, पण त्यांची तिन्ही निरीक्षणं बरोबर होती.

मला वाटलं, मी काहीतरी नवीन शोधलं! मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, लायब्ररीत जा, शंभर वर्षं मागे जा.

गेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबई इलाख्यात राबावरून मोठा वाद झाला होता. राबासाठी फांद्या तोडतात म्हणून जंगल खात्याचा विरोध, आणि राबाशिवाय भात होत नाही म्हणून शेतकऱ्यांची तक्रार. डॉ. जे. ए. व्होल्कर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला सरकारने भारतीय शेतीचा अभ्यास करायला पाठवलं होतं. १८९३ सालच्या त्याच्या अहवालातही राबाची चर्चा आहे. सिल्वासा तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं, त्यामुळे मुंबई सरकारचे कायदे इथे लागू नव्हते. पण भाताचं रोप काही सरहद्द बघून वाढत नाही. शेतीची रीत दोन्हीकडे एकच होती.

मग १९०९ साली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रातून रसेल आणि हचिन्सन यांचा निबंध आला. माती तापवली की तिची सुपीकता वाढते, हे त्यांनी दाखवलं. कारण त्यांनी असं दिलं की, मातीतले एकपेशीय प्राणी जिवाणूंना खातात, उष्णतेने ते प्राणी मरतात आणि जिवाणूंचं फावतं. हे स्पष्टीकरण पुढे जसंच्या तसं टिकलं नाही, निरीक्षण मात्र टिकलं. विज्ञानात असं पुष्कळदा होतं.

आणि तीन वर्षांनी, १९१२ साली, भारताच्या कृषी खात्याच्या ‘मेमॉयर्स’मध्ये एक निबंध छापला गेला. विषय: पश्चिम भारतातल्या भातशेतीची राब पद्धत. लेखक तिघे: पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर.

ती दोन मराठी आडनावं बघून मी तिथेच थांबले. आम्हाला शिकवलेल्या मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रात हिल्टनर होते, बेयरिंक होते, विनोग्राडस्की होते. जोशी-कानिटकर नव्हते. एन. व्ही. जोशी हे नाव पुढे १९२० साली पुन्हा भेटतं. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंवरचं त्यांचं काम या विषयातलं भारतातलं सुरुवातीचं संशोधन म्हणून आजही उल्लेखलं जातं. कानिटकर कोरडवाहू शेतीकडे वळले. १९४४ साली त्यांचं ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ प्रसिद्ध झालं. माझ्या धुळ्याच्या काकांच्या जमिनीसारख्या जमिनींचा तो प्रश्न.

पण मला सगळ्यात जास्त भावली ती वेगळी गोष्ट. मान यांनी १९१७ साली दख्खनमधल्या एका खेड्याचा अभ्यास छापला: जमीन किती, तुकडे किती, कर्ज किती, जेवायला काय. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर, आज जिथे आयटीवाल्यांच्या इमारती उभ्या आहेत. दुसरा अभ्यास १९२१ साली आला, जातेगाव बुद्रुक या गावाचा. त्याचे सहलेखक होते हेच कानिटकर. म्हणजे जो माणूस भाजलेल्या मातीचा अभ्यास करत होता, तोच त्या मातीवर राहणाऱ्याच्या कर्जाचाही हिशोब मांडत होता. आज अशी दोन कामं केली तर विचारतील, तुमचा विषय नक्की कोणता?

माझा मुद्दा इथे आहे. जोशी, कानिटकर ही मंडळी मोठी का वाटतात? त्यांनी शेतकऱ्याची पद्धत डोक्यावर घेतली नाही आणि अडाणीपणा म्हणून उडवूनही लावली नाही. तिला प्रश्न म्हणून लॅबमध्ये नेलं. आज माती-संशोधनात करिअर करायचं म्हणजे नेमकं हेच कठीण होऊन बसलंय.

का ते सांगते. नेट-जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, एकूण पाच वर्षं. विद्यार्थी म्हणून हे पैसे वाईट नाहीत. पण माती पाच वर्षांत बोलत नाही. रॉथॅमस्टेडच्या एका शेतात १८४३ पासून गहू पेरून नोंदी ठेवताहेत. आपल्याकडे कोइमतूरला १९०९ पासून खतांचा एक प्रयोग चालू आहे. असे प्रयोग एका माणसाच्या करिअरमध्ये बसत नाहीत, संस्थेने ते सांभाळावे लागतात. आपण मात्र पाच वर्षांत पेपर किती ते मोजतो. मग विद्यार्थी काय करतो? दोन ठिकाणची माती पिशवीत भरतो, डीएनए काढतो, सिक्वेन्सिंगला पाठवतो, येणाऱ्या हजारो नावांचा रंगीत आलेख काढतो. पेपर होतो. ज्या शेतातून माती आणली त्या शेतकऱ्याला त्यातलं काय कळतं? आणि खरं सांगायचं तर, आपल्याला तरी काय कळतं?

सिक्वेन्सिंगच्या विरोधात मी नाही. उलट त्याची गरज आहे. पेट्री डिशमध्ये अगारवर मातीतले जेमतेम एक टक्का जिवाणू वाढतात, बाकीचे वाढतच नाहीत. नुसत्या डिशवर अवलंबून राहिलो असतो तर अख्खं जग दिसलंच नसतं. पण कोण आहे हे कळलं म्हणून ते काय करतं हे कळत नाही. तो प्रश्न शेतातूनच यावा लागतो.

सरकारी पातळीवरही तीच गत. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. त्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह वगैरे, शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. चांगली योजना आहे. पण नाव ‘आरोग्य’ आणि जिवंत गोष्टीसाठी एकही रकाना नाही. ती भर घालायची तर आधी सांगता आलं पाहिजे की स्वस्तात, तालुक्याच्या लॅबमध्ये, नेमकं काय मोजायचं. असं काम करणारी माणसं हवीत. हे काम ‘नेचर’मध्ये छापून येणार नाही, पण करावं लागेल.

आता माझ्याच बाजूचा एक धोका सांगते. आपल्याला दुसरं टोक गाठायची सवय आहे. ‘आदिवासींना सगळं माहीत होतं’ असं म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं. राबात झाडांच्या फांद्या तुटतात, शेणातलं आणि पाल्यातलं बरंच नत्र धुरात जातं, आणि उन्हात फांद्या गोळा करायचं काम जास्त करून बायकाच करतात. हे आजींनाही माहीत आहे. त्या मला म्हणाल्या, दुसरं काही असेल तर सांग की. संशोधकाने ऐकायचं वाक्य हे आहे. राब चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा. राब तीन-चार कामं एकदम करतो. त्यातलं कुठलं काम दुसऱ्या मार्गाने होईल, हा खरा प्रश्न. उदाहरणार्थ, ओल्या मातीवर उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून तिला उन्हानेच तापवायची पद्धत जगात वापरतात. प्लास्टिकची आमच्या सिल्वासात टंचाई नाही! पण त्या तापमानाला खानवेलच्या मातीत कोण मरतं, कोण वाचतं, रोप पिवळं पडतं का, आणि ते प्लास्टिक नंतर जातं कुठे? हे कोणीतरी तिथे बसून मोजायला हवं. मला ते मोजायचंय.

राहिला भाषेचा प्रश्न. हा अंक आपल्या मंडळाचा, म्हणून तो टाळता येणार नाही. आजींशी बोलताना माझी पंचाईत झाली ती वारली बोलीमुळे नाही. ती थोडी कळते, बाकी त्या माझ्यासाठी मराठीत सांगत होत्या. पंचाईत झाली कारण मी जे शिकले ते मला मराठीत सांगताच येईना. ‘नायट्रिफिकेशन सप्रेस होतं’ असं म्हणून मी थांबले. आजी वाट बघत होत्या. शेवटी म्हणाले, "नत्र जागेवर राहतं, वाहून जात नाही." त्यांनी मान डोलावली. तेवढ्या एका वाक्यासाठी मला आधी स्वतःला ते नीट समजून घ्यावं लागलं. भाषांतर करताना कळतं की आपल्याला किती कळलंय. म्हणून मराठीत विज्ञान लिहिणं म्हणजे समाजावर उपकार, असं मला वाटत नाही. तो संशोधकाच्या स्वतःच्या समजुतीचा कस आहे.

ख्रिस्ती कॉलेजात शिकल्यामुळे पेरणाऱ्याचा दाखला आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलाय. बी वाटेवर पडलं, खडकाळ जागी पडलं, काट्यांत पडलं, चांगल्या जमिनीत पडलं. लहानपणी मला वाटायचं ही गोष्ट बियाण्याची आहे. आता वाटतं ती जमिनीची आहे. बी चारही वेळा तेच होतं. याच परंपरेतले फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाऊ मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये राहून पश्चिम भारतातल्या वनस्पती गोळा करत हिंडले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा सांतापाऊंचा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडतात. त्यांनी वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पती मी पाहिल्या आहेत. किती निगुतीचं काम! फक्त एक आहे, हर्बेरियमचा नमुना करताना मुळांची माती साफ धुवावी लागते. त्या पिढीने झाडाला नाव दिलं. धुतलेल्या मातीकडे बघणं आपल्या वाट्याला आलंय.

पप्पांना मी अजून पूर्ण पटवू शकलेले नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा त्यांना जोशी-कानिटकरांची गोष्ट सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "मग त्यांनी शोधलेलं शेतकऱ्याला कोणी सांगितलं का?" मला उत्तर देता आलं नाही. करिअर म्हणून माती निवडताना हा प्रश्न मी सोबत घेऊन जाणार आहे.

आणि मंडळाकडे एक मागणी आहे. कथा, कविता, समीक्षा यांच्या जोडीला पुढच्या अंकापासून दोन पानं विज्ञान शाखेच्या मुलांना द्या. अट एकच: आपण लॅबमध्ये या वर्षी काय केलं ते आपल्या आजीला कळेल अशा मराठीत लिहायचं. केमिस्ट्री, बॉटनी, स्टॅट्स, कुणीही. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी मातीसाठी, खतासाठी, लावणीसाठी आपल्याकडे जे शब्द आहेत ते लिहून आणा. पहिला लेख मी देते. विषय तयार आहे: भाताची मुळं धुतल्यावर तांबूस का दिसतात.